वाचकांचे प्रश्न : शेतीचा वाटा घटतो तेव्हा नेमके काय घटते?

‘देश जसजसा विकसित होतो, तसतसा अर्थव्यवस्थेतला शेतीचा वाटा घटत जातो,’ असे एक वाक्य गेल्या अंकातल्या लेखात होते. त्या एका वाक्यावर भरपूर पत्रे आली. काहींना त्यात शेतीचे मृत्युपत्र दिसले, काहींना सुवार्ता. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. आकडेमोड टाळलेली नाही. या विषयात आकडे बाजूला ठेवले की फक्त कळवळा किंवा फक्त घोषणा उरते.

प्रश्न : वाटा घटला म्हणजे शेती मागे पडली, असाच अर्थ निघत नाही का? वाटा घटूनही शेती वाढते, हे पटत नाही.

कागद घ्या आणि करून बघा. एका देशाचे एकूण उत्पन्न १०० धरा. त्यात शेतीचे ४०, बाकी सगळ्यांचे ६०. शेती दरसाल ३ टक्क्यांनी वाढते, बाकीचे व्यवसाय ७ टक्क्यांनी. वीस वर्षांनी शेतीचे ४० चे ७२ होतात, बाकीच्यांचे ६० चे २३२. एकूण ३०४. त्यात शेतीचा वाटा २४ टक्क्यांच्याही किंचित खाली. म्हणजे पिकले पावणेदोन पटीहून जास्त आणि वाटा मात्र ४० वरून २४ वर आला. वीस वर्षे सलग ३ टक्के टिकवणे ही शेतीसाठी मुळीच मरगळलेली चाल नव्हे. भल्याभल्या देशांना ती जमलेली नाही.

मग शेतीने ७ टक्क्यांनी का वाढू नये, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर पोटात आहे. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे खर्चाचे हिशेब तपासले. उत्पन्न वाढते तसा खाण्यावरचा खर्च वाढतो, पण उत्पन्नाच्या मानाने कमी वाढतो, हे त्याला दिसले. पगार दुप्पट झाला म्हणून कोणी दुप्पट जेवत नाही. हा नियम तेव्हापासून इतक्या देशांत तपासला गेला आहे, की अर्थशास्त्रात त्याच्याइतके पक्के नियम बोटावर मोजण्याइतके सापडतील.

त्याचे सूत्र सोपे आहे. अन्नाच्या मागणीतली वाढ = लोकसंख्येची वाढ + (माणशी उत्पन्नाची वाढ × लवचिकता). लवचिकता म्हणजे उत्पन्न १ टक्का वाढले तर अन्नाची मागणी किती टक्के वाढते, तो आकडा. गरीब देशात तो ०.६ धरा, लोकसंख्या १.५ टक्क्यांनी आणि माणशी उत्पन्न ४ टक्क्यांनी वाढते असे धरा. मागणी वाढली १.५ + २.४ = ३.९ टक्के. तोच देश श्रीमंत झाल्यावर लवचिकता ०.२ वर आली, लोकसंख्यावाढ ०.५ वर आली, तर मागणी वाढते फक्त १.३ टक्के. त्या बाजारात शेतीने ४ टक्के जास्त पिकवले, तर माल खपत नाही, भाव पडतात. शेतकऱ्याची हुशारी शेतकऱ्यालाच महाग पडते ती इथे.

‘निर्यात करा की’ असे दोघांनी लिहिले आहे. एखाद्या देशाला ते जमते, साऱ्या जगाला नाही. शेवटी कोणाच्या तरी पोटाने ते खायचे असते. आणि जमले तरी वाटा घटतोच. दूधदुभत्याच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध असलेल्या न्यूझीलंडमध्येही शेतीचा वाटा एक आकडीच आहे.

प्रश्न : मी वर्गात अर्थशास्त्र शिकवतो. शेतीचा वाटा मोजतात तो कसा? पिकलेल्या मालाची किंमत भागिले देशाचे उत्पन्न, एवढेच ना?

एवढेच नाही, आणि मुले इथेच चुकतात. मोजायचे असते मूल्यवर्धन. पिकलेल्या मालाची शेतकऱ्याच्या हाती पडणारी किंमत काढायची, घरी खाल्लेला माल धरून. त्यातून बाहेरून विकत आणलेल्या निविष्ठा वजा करायच्या : बियाणे, खते, औषधे, डिझेल, वीज, भाड्याचा ट्रॅक्टर. घरच्या माणसांची मेहनत आणि मजुरांची मजुरी वजा करायची नाही, कारण मूल्यवर्धन वाटले जाते ते त्यांच्यातच. जमिनीचा खंडही वजा होत नाही. असे सगळ्या क्षेत्रांचे मूल्यवर्धन काढून बेरीज केली, की त्या बेरजेशी शेतीचे प्रमाण म्हणजे तिचा वाटा. या ‘शेती’त पशुपालन, वने आणि मासेमारीही येतात.

फळ्यावर हे उदाहरण घाला. शेतकरी पूर्वी १०० चा माल पिकवत होता आणि १० चे सामान विकत आणत होता. बी घरचे, खत गोठ्यातले, नांगर बैलांचा. मूल्यवर्धन ९०. आता तो २०० चा माल पिकवतो, पण ९० चे सामान विकत आणतो. मूल्यवर्धन ११०. माल दुप्पट झाला, शेतीच्या खात्यात भर पडली २० ची. बाकीचे कुठे गेले? बी निवडून ठेवण्याचे काम बियाणे कंपनीकडे गेले, खताचे कारखान्याकडे, नांगरटीचे ट्रॅक्टर बनवणाऱ्याकडे आणि भाड्याने देणाऱ्याकडे. दुसऱ्या टोकालाही तेच होते. दळणे, सडणे, गाळणे, टिकवणे ही कामे घरातून आणि खळ्यातून उठून गिरणीत गेली, की ती कारखानदारीत मोजली जातात. वाहतूक आणि विक्री सेवांत. अमेरिकेत गिऱ्हाईक अन्नावर १ डॉलर खर्च करते, त्यातले शेतापर्यंत सुमारे १५ सेंट पोचतात. शेतीच्या घटत्या वाट्यातला बराच भाग असा नुसता खातेबदल असतो.

दोन ठेचा हमखास लागतात. चालू किमतींचा (त्या त्या वर्षीच्या भावांनी काढलेला) वाटा आणि स्थिर किमतींचा (एकाच ठरलेल्या वर्षाच्या भावांनी काढलेला) वाटा वेगळे येतात. एक वर्ष या तक्त्यातून आणि दुसरे त्या तक्त्यातून घेऊन तुलना करू नका. आणि एका वर्षावर निष्कर्ष काढू नका. पाऊस चुकला की वाटा घसरतो, भाव चढले की उसळतो. तीन किंवा पाच वर्षांची सरासरी घ्या.

प्रश्न : उत्पन्नातला वाटा झपाट्याने घटतो, पण माणसे तिथेच राहतात. असे का?

सगळ्या पत्रांतला हा सर्वांत नेमका प्रश्न. आमच्या मते काळजी करायची ती वाटा घटण्याची नाही, या दोन वाट्यांमधल्या फटीची.

आधी फट मोजू. भारताचे अलीकडचे आकडे घेतले, तर मूल्यवर्धनातला शेतीचा वाटा सुमारे १८ टक्के आणि रोजगारातला सुमारे ४६ टक्के. १८ ला ४६ ने भागा : ०.३९. बिगरशेतीचे ८२ भागिले ५४ : १.५२. आता १.५२ ला ०.३९ ने भागा. उत्तर ३.९ च्या आसपास. बिगरशेतीतला एक माणूस सरासरीने शेतीतल्या जवळजवळ चार माणसांइतके मूल्य निर्माण करतो.

यावर लगेच ‘शेतकरी चौपट गरीब’ असा मथळा देऊ नये. शेतीत नोंदलेला माणूस वर्षभर पूर्णवेळ शेतीत नसतो, त्याचे कामाचे तास कमी भरतात. शिक्षणातला फरक असतो. गोलिन, लॅगाकोस आणि वॉ या तिघांनी २०१४ मध्ये अनेक विकसनशील देशांचा असा हिशेब तास आणि शिक्षण धरून पुन्हा मांडला. सरासरी साडेतीन पटींची फट दुपटीच्या आसपास आली. कमी झाली, पण मिटली नाही.

ही फट फक्त गरीब देशांची खोड आहे असेही नाही. अमेरिकेत १९०० मध्ये ४१ टक्के कामकरी शेतीत होते. १९३० मध्ये २१.५ टक्के, आणि त्यांच्या वाट्याला उत्पन्नातले ७.७ टक्के. भागाकार करा : ०.३६. वरच्या ०.३९ शेजारी ठेवून बघा. पुढे १९७० पर्यंत शेतीत उरली ४ टक्के माणसे. म्हणजे फट बुजायला सुरुवात झाली ती माणसे बाहेर पडल्यावर. शेतमालाचे उत्पन्न इतरांच्या बरोबरीने धावले म्हणून नव्हे.

मग माणसे बाहेर का पडत नाहीत? एक कारण निव्वळ गणिती आहे आणि ते क्वचितच सांगितले जाते. देशातले ३० टक्के कामकरी बिगरशेतीत आहेत आणि एकूण कामकऱ्यांची संख्या दरसाल २ टक्क्यांनी वाढते, असे धरा. शेतीतली माणसे नुसती आहेत तेवढीच राहावीत, तर नवे सगळे हात बिगरशेतीत सामावले पाहिजेत. त्यासाठी बिगरशेती रोजगार किती वाढायला हवा? २ भागिले ०.३० म्हणजे दरसाल ६.७ टक्के. उत्पादन नव्हे, रोजगार. हे फार थोड्या देशांना साधले. उलट बिगरशेतीचा हिस्सा ५५ टक्के झाला आणि कामकऱ्यांची वाढ १ टक्क्यावर आली, की १.८ टक्के पुरतात. म्हणून सुरुवातीला टक्केवारी घटत असताना शेतीतली माणसे संख्येने वाढतच राहतात, जमिनीचे तुकडे होत राहतात. आणि मग एका टप्प्यानंतर ओहोटी लागते ती भराभर. ब्रिटनमध्ये शेतीतल्या कामकऱ्यांचा हिस्सा १८०१ ते १९०१ या शंभर वर्षांत सुमारे ३६ टक्क्यांवरून ९ वर आला. दक्षिण कोरियात १९६३ मध्ये तो ६३ टक्के होता. १९९० पर्यंत १८ च्या आसपास.

दुसरी कारणे गणिताबाहेरची. जमीन हे म्हातारपणाचे आणि आजारपणाचे विमापत्र असते. भाडेपट्ट्याचा कायदा कच्चा असेल तर जमीन दुसऱ्याला कसायला देऊन गाव सोडायची भीती वाटते. कूळ लागले तर? म्हणून घरातला एक जण बाहेर जातो, बाकीचे राखणीला राहतात. बहुतेक ठिकाणी जाणारा पुरुष असतो आणि राहणारी बाई. शेतीकामाचा भार तिच्यावर, सातबारा किंवा त्या त्या देशात जो काही उतारा असेल तो मात्र त्याच्या नावावर, त्यामुळे कर्ज मागायला गेली की तिला दारातूनच परत पाठवतात. राष्ट्रीय तक्त्यात हे कुठेच दिसत नाही.

प्रश्न : शेतीत छुपी बेकारी आहे असे पुस्तकात आहे. म्हणजे निम्मी माणसे काढून घेतली तरी उत्पादन तेवढेच राहील?

पुस्तकातली व्याख्या तशीच आहे, पण शेतात ती तशी सापडत नाही. या विचाराचा मोठा प्रवर्तक आर्थर लुईस. सेंट लुशिया बेटावर जन्मलेल्या या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले, की शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसे आहेत, तोपर्यंत कारखानदार जवळजवळ स्थिर मजुरीवर हवी तेवढी माणसे घेऊ शकतो; नफा वाढतो, तो पुन्हा गुंतवला जातो, आणि एक दिवस जादा माणसे संपून मजुरी चढू लागते. थिओडोर शुल्झ यांनी याला हरकत घेतली. १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत भारतात शेतीतली असंख्य माणसे मेली, तेव्हा पेराही घटला. माणसे खरोखर फालतू असती तर तो घटला नसता, असा त्यांचा दाखला. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये त्या पुराव्याची चिरफाड केली : साथ घरेच्या घरे उचलते, आणि घरातून एक जण कामाला बाहेर जाणे ही निराळी गोष्ट. गंमत अशी, की लुईस आणि शुल्झ यांना १९७९ चे नोबेल एकत्र मिळाले.

वादाचे मूळ बघायचे तर भातलावणीच्या दिवसांत खाचराच्या बांधावर उभे राहावे. १ हेक्टर हाताने लावायला २५ ते ३० मनुष्यदिवस लागतात. रोपे कोवळी असताना, खाचरात पाणी उभे असताना हे काम आठ-दहा दिवसांत उरकावे लागते. रोप जुने झाले की फुटवे कमी येतात. म्हणजे हेक्टरमागे रोज तीन जण वाकलेले हवेत. लावणी संपली की पुढचे कित्येक आठवडे एका माणसाचे काम तिघांत वाटले जाते. खुरपणीला पुन्हा दोघे लागतात, कापणीला पुन्हा तिघे. त्या अधल्यामधल्या आठवड्यांत कोणी मोजणीला आला, तर दोन माणसे फालतू लिहून घेईल. लावणीच्या आठवड्यात आला, तर एक माणूस कमी पडतोय असे लिहील. दोघांचेही खरे. वर्षाच्या सरासरीत माणसे जादा, हंगामाच्या शेंड्यावर तुटवडा.

माणूस कायमचा मोकळा करायचा असेल तर नेमका तो शेंडा कापावा लागतो. लावणी यंत्राने झाली तर तेच हेक्टर एका दिवसात उरकते. पण त्यासाठी गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये वेगळी रोपे तयार करावी लागतात, जमीन एकसारखी सपाट लागते, खाचरात पाणी थोडेच ठेवावे लागते. रोपे उंच वाढली किंवा चिखल नीट बसला नसेल, तर यंत्र रोप धरत नाही, ओळीत खाडे पडतात, आणि मग ते खाडे भरायला पुन्हा माणसेच आणावी लागतात. नांगरटीचा ट्रॅक्टर सर्वांत आधी येतो, पण तो बहुतेक ठिकाणी बैलाचे काम वाचवतो, माणसाचे फारसे नाही. कोणते काम हंगामाच्या शेंड्यावर आहे ते न पाहता यंत्रांवर अनुदान वाटले, की ट्रॅक्टर दारात उभे राहतात आणि लावणीला मजूर मिळत नाहीत ही तक्रारही तशीच उभी राहते.

प्रश्न : शेतीचा वाटा घटणारच असेल, तर शेतीवर पैसा कशाला घालायचा? तो सरळ कारखान्यांत घालावा.

हा युक्तिवाद विसाव्या शतकात अनेक सरकारांनी खरा मानून पाहिला, आणि शेतीची उत्पादकता वाढायच्या आत जिथे तिचा रस काढला गेला, तिथे कारखानेही रखडले. कारखान्यातला कामगार पगारातला मोठा भाग अन्नावर खर्च करतो. अन्न महागले की मजुरी वाढवावी लागते, मजुरी वाढली की नफा गेला. कारखान्याच्या आड येणारी पहिली अडचण अनेकदा धान्याचा भाव हीच असते.

सोव्हिएत रशियात १९२३ च्या शरद ऋतूत कारखानी मालाचे आणि शेतमालाचे भाव कात्रीच्या पात्यांसारखे फाकले. युद्धपूर्व पातळीशी तुलना केली तर कारखानी माल शेतमालाच्या मानाने तिपटीच्या आसपास महाग झाला होता. शेतकऱ्यांनी धान्य विकणे आखडते घेतले. चीनने १९५८ मध्ये ‘मोठ्या झेपे’त कोट्यवधी हात शेतातून काढून पोलाद गाळायला आणि बांधकामांना लावले. शेतीत यंत्र नव्हते, खत नव्हते, आणि उभे पीक काढायला माणसे नव्हती. वर सरकारी वसुली फुगवलेल्या आकड्यांवर चालू राहिली. पुढचा दुष्काळ मानवी इतिहासातल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक ठरला.

त्याच चीनने १९७८ नंतर उलटा क्रम लावला. जमीन कुटुंबांना कसायला दिली, खरेदीचे भाव वाढवले. धान्योत्पादन १९७८ मध्ये सुमारे ३० कोटी टन होते, ते १९८४ मध्ये ४० कोटींच्या पुढे गेले. हाती पैसा आलेल्या गावांत गावकारखाने निघाले आणि १९९६ पर्यंत त्यांत साडेतेरा कोटींच्या आसपास लोक कामाला होते. १९७८ मध्ये शेतीत ७० टक्के कामकरी होते. आज एक चतुर्थांशाहून कमी आहेत.

जपानचे उदाहरण उलट बाजूने दिले जाते, म्हणून तेही सांगतो. १८७३ मध्ये तिथे जमिनीच्या किमतीवर ३ टक्के कर रोखीत बसवला आणि नव्या राज्याचा बराचसा गाडा त्यावर चालला. पण कर पिकावर नव्हता, जमिनीच्या ठरलेल्या किमतीवर होता. जास्त पिकवले तर जास्तीचे शेतकऱ्याचेच राहत होते. तरीही उठाव झाले आणि १८७७ मध्ये दर अडीच टक्क्यांवर आणावा लागला.

उघड करापेक्षा छुपा कर जास्त खातो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. जागतिक बँकेसाठी क्रूगर, शिफ आणि वाल्देस यांनी १८ विकसनशील देशांची १९६० ते १९८५ मधली धोरणे तपासली. शेतीवर एकूण भार सरासरी ३० टक्के निघाला. त्यात निर्यातकर, सक्तीची खरेदी वगैरे थेट उपायांचा हिस्सा फक्त ८. उरलेले २२ टक्के आले देशी चलनाचा भाव कृत्रिमरीत्या चढा ठेवल्यामुळे आणि कारखानी मालाला संरक्षण दिल्यामुळे. शेतकऱ्याला निर्यातीचे कमी पैसे मिळाले आणि पंप, कापड, खिळा-हातोडी सगळे महाग पडले. त्याच्या नावाने कराची पावती मात्र कधी फाटली नाही.

प्रश्न : शेती सोडून लोक कारखान्यात गेले असे आपण म्हणतो. पण आमच्या पाहण्यातली मुले गेली ती बांधकामावर, दुकानात, गाडी चालवायला. हाही विकासच का?

अर्धा. शेतीत नगण्य भर घालणारा माणूस बांधकामावर थोडी जास्त भर घालतो, म्हणून देशाचे उत्पन्न वाढते. पण कारखान्यात जी गोष्ट होते, की तोच माणूस त्याच जागी दरवर्षी जास्त उत्पादक होत जातो, ती छोट्या दुकानात किंवा वीट वाहण्यात फारशी होत नाही. एकदाच पायरी चढली, पुढे जिना नाही. डॅनी रॉड्रिक यांनी याला अकाली बिगरऔद्योगिकीकरण म्हटले आहे : आजच्या विकसनशील देशांत कारखानदारीचा रोजगार पूर्वीच्या औद्योगिक देशांच्या मानाने फार खालच्या पातळीवर आणि फार कमी उत्पन्नावर असतानाच शिखर गाठून उतरू लागतो. यंत्रे कमी माणसांत चालतात हे एक कारण, आणि तयार मालाच्या बाजारात आधीच बसलेले दांडगे देश हे दुसरे.

प्रश्न : शहरात रोजगार निर्माण केले की स्थलांतरितांची बेकारी मिटेल, बरोबर?

हॅरिस आणि टोडारो यांनी १९७० मध्ये दाखवले, की कधी कधी ती वाढते. गावात मिळकत १००, शहरात २००. शहरात काम मिळण्याची शक्यता निम्मी असली तरी अपेक्षित मिळकत १०० च पडते, म्हणजे गावाइतकीच. आता शहरात १०० नव्या नोकऱ्या काढल्या तर हा तोल पुन्हा बसेपर्यंत २०० जण येऊ शकतात. प्रत्यक्षात लोक ओळखीच्या माणसाचा निरोप आल्यावर निघतात, त्यामुळे आकडा इतका टोकाचा होत नाही; पण गावाकडची मिळकत न वाढवता नुसत्या शहरी नोकऱ्यांवर भर दिला तर काय होते, याची दिशा बरोबर कळते.

प्रश्न : शेतीकडे परत येणे कधी घडते का?

घडते, आणि सहसा वाईट बातमी म्हणून. १९९७-९८ च्या आर्थिक संकटात इंडोनेशियात शेतीतल्या रोजगाराचा हिस्सा वाढला. भारतात २०१८-१९ मध्ये तो सुमारे ४२.५ टक्के होता, साथीच्या काळात २०२०-२१ मध्ये ४६.५ वर गेला. लोक शेतीत संधी दिसली म्हणून परतले नाहीत. बाकीची दारे बंद झाली म्हणून परतले. अशा वर्षी शेतीचे उत्पादन वाढलेले दिसले तरी माणशी उत्पादन काढून बघावे, ते बहुधा पडलेले असते.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी विचारतो. तक्ते पाहून शेतीच्या वाट्याची घट निरोगी की रोगट, हे कसे ओळखायचे?

आधी शेतीचे मूल्यवर्धन स्थिर किमतीत घ्या आणि शेतीतल्या कामकऱ्यांच्या संख्येने भागा. हा आकडा दहा-पंधरा वर्षे चढत असेल आणि वाटा घटत असेल, तर घट निरोगी. आकडा जागच्या जागी आणि वाटा घटतोय, तर माणसे खाली सोडून बाकीची अर्थव्यवस्था वर गेली आहे. नंतर सुटलेली माणसे कुठे गेली ते बघा : नियमित पगारावर, की रोजंदारीवर? मग अन्नाचे भाव बाकीच्या भावांच्या तुलनेत कसे वागले ते. माणसे शेतीतून निघत असताना अन्न सतत महागत असेल, तर शेती रिकामी होतेय, सुधारत नाही.

तेल किंवा खनिज सापडलेल्या देशाला ही कसोटी लावताना मात्र जपून. नायजेरियात १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला, चलन वधारले, मजुरी शहरांकडे ओढली गेली आणि कोको, भुईमूग, पामतेल यांची निर्यात कोसळली. भुईमुगाच्या बाबतीत दुष्काळ आणि रोगाचाही हात होता. तक्त्यात शेतीचा वाटा घसरलेला दिसतो आणि देश कोरियाच्या वाटेवर असल्यासारखा भासतो. अशा ठिकाणी तेलाचे उत्पन्न एकूण बेरजेतून वजा करून उरलेल्या अर्थव्यवस्थेत शेतीचा वाटा पुन्हा काढा, आणि शेजारच्या रकान्यात अन्नधान्याची आयात लिहा.